दर अर्ध्या तासाला उठायचं कसं : खुर्चीत, मशीनवर, सुपापुढं, गल्ल्यावर

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, १४ वर्षं झाली. राहायला जुळे सोलापूरला, त्यामुळं सकाळी कंबर तलावाकडं अर्धा तास फिरायला जाणं हे माझं ६ वर्षं पक्कं आहे, पाऊस असला तरच सुट्टी. आणि तरीपण मागच्या वर्षी तपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.२ निघाली, म्हणजे डायबेटिस नाही पण त्याच्या उंबऱ्यावर, कारण ५.७ पासून ६.४ पर्यंत प्रीडायबेटिस धरतात. मला खरंच पटेना. मी डॉक्टरांना म्हटलं, अहो मी रोज चालते की. त्यांनी एवढंच विचारलं की ऑफिसला पोचल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्ही खुर्चीतून किती वेळा उठता. मला उत्तर देता आलं नाही, कारण ते कधी मोजलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम हेच करा, मोजा. मी एका जुन्या व्हाउचरच्या पाठीमागं पेननं रेघ मारत गेले, उठले की एक रेघ. संध्याकाळी ६ ला बघितलं तर ४ रेघा. एक जेवणाची, दोन बाथरूमच्या, एक साहेबांनी बोलावलं म्हणून. साडेआठ तासात ४! आणि मधला एक सलग तुकडा पावणेतीन तासांचा होता, दुपारी जेवल्यानंतरचा, म्हणजे नेमकं पोटात भात-भाकरी पडल्यावर. मोबाईलमधल्या पावलांवर जाऊ नका, त्यात माझी ६ हजार पावलं दिसत होती, पण ती जवळजवळ सगळी ऑफिसला पोचायच्या आधीची. दिवसभरात किती पावलं झाली यापेक्षा सलग किती वेळ बसलो हे बघायचं. दोन दिवस रेघा मारा, सर्वात लांब तुकडा कधीचा आहे ते शोधा, तिथूनच सुरुवात करायची.

आता बसल्यानं एवढं काय होतंय ते थोडक्यात, कारण कारण कळलं की उठायला बरं पडतं. मांड्या आणि कुल्ले हे शरीरातले सर्वात मोठे स्नायू. ते हलले की रक्तातली साखर आत ओढून घेतात आणि विशेष म्हणजे त्या वेळी त्यांना इन्सुलिनची, म्हणजे एरवी साखर रक्तातून आत पोचवणाऱ्या हार्मोनची, वाट बघावी लागत नाही, आकुंचन पावलेला स्नायू स्वतःहून साखरेला दार उघडतो. बसलं की हे स्नायू जवळजवळ बंद. मग जेवणातली साखर रक्तात फिरत राहते आणि ती खाली आणायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. चरबीचंही तसंच, रक्तातली चरबी वापरायला स्नायूत एक एन्झाइम असतं, स्नायू निवांत पडले की त्याचं काम मंदावतं. आणि तिसरं पायांचं. गुडघे दुमडून बसलं की पायातलं रक्त संथ वाहतं, पोटऱ्या हलत नाहीत म्हणून रक्त वर ढकललं जात नाही, तासा-दोन तासात रक्तवाहिन्यांची आतली बाजू त्यांना सैल करायचं आपलं काम नीट करेनाशी होते. रोज, वर्षानुवर्षं हे चाललं की बीपी आणि हृदयावर त्याचा भार येतो.

ही गोष्ट काही आजची नाही. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसवाल्यांचा अभ्यास छापला होता, डबल डेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. एकाच बससेवेतली माणसं, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वर-खाली जिने चढणारा. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये जास्त निघालं. पुढं १९५६ ला त्याच मंडळींनी कर्मचाऱ्यांच्या युनिफॉर्मची मापं तपासली तर ड्रायव्हरांच्या पॅन्टची कंबर आधीपासूनच मोठी होती, म्हणजे सगळा दोष एकट्या बसण्यावर टाकता येत नाही हे त्यांनीच दाखवून दिलं. मला हे फार आवडतं, आपल्या सोलापुरात घराघरात युनिफॉर्म शिवतात, कमरेचं माप काय सांगतं हे आपल्याला वेगळं समजवायला नको. आपल्याकडं पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० च्या वर गेली की लक्ष द्यायचं असं मानतात. घरात टेप आहेच, बेंबीपाशी धरून एकदा मोजून ठेवा, पोट आत न ओढता.

मग किती वेळानं उठायचं? ऑस्ट्रेलियात २०१२ साली एक प्रयोग छापून आला, वजन जास्त असलेली १९ माणसं, गोड पेय पिऊन ५ तास बसवली, एकदा नुसती सलग आणि एकदा दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं चालवून. हळू चालूनसुद्धा ते पेय प्यायल्यानंतरची साखर साधारण २४ टक्क्यांनी कमी चढली, जरा जोरात चालून ३० टक्के. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठानं २०२३ ला किती वेळानं उठायचं आणि किती मिनिटं चालायचं याची वेगवेगळी मापं लावून बघितली, त्यात दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं चालणं सर्वात सरस ठरलं, साखरेची उसळी ५८ टक्के कमी, आणि बीपी तर कुठल्याही मापात ४ ते ५ पॉइंट खाली आलं, अगदी तासाला एक मिनिट चाललं तरी. फक्त ११ माणसांचा प्रयोग होता तो, आणि एका दिवसाचा, म्हणून आकड्याला ब्रह्मवाक्य मानू नका, पण दिशा सगळ्यांची एकच आहे. माझं म्हणणं असं की दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं कुणालाच जमत नाही, मलाही नाही. अर्ध्या तासाला २ मिनिटं धरा. तेही चुकलं तर तासाला एकदा, पण तास ओलांडायचा नाही.

आणि सकाळचं चालणं सोडायचं नाही हे आत्ताच सांगते, नाहीतर कुणीतरी हे वाचून तेवढंच बंद करेल. १० लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून २०१६ ला जो मोठा अभ्यास आला त्यात रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालण्याइतकी मध्यम जोराची हालचाल करणाऱ्यांना ८ तासांवर बसण्याचा तोटा जवळजवळ उरला नव्हता. पण डबा करून, पोरांना शाळेत सोडून, सिटी बस धरणाऱ्या बाईनं सव्वा तास आणायचा कुठून? म्हणून मधनं मधनं उठणं.

आता मुख्य गोष्ट. मोबाईलला अलार्म लावून हे होत नाही. मी लावला होता, तिसऱ्या दिवशी न बघताच बोटानं बंद करायला लागले. जे टिकलं ते वेगळंच. उठल्याशिवाय काम पुढंच जाऊ नये अशी बसायची जागा मांडायची. इच्छाशक्ती महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या दिवसांत, साफ संपलेली असते, तेव्हा जागेची मांडणीच कामाला येते.

माझ्या टेबलावर काय बदललं ते सांगते. १ लिटरची बाटली घरी ठेवली आणि छोटा ग्लास आणला, पाणी प्यायचं तर माठापर्यंत जायचं, आणि पाणी पोटात गेलं की बाथरूमला उठावंच लागतं, एकात दोन. चालू महिन्याच्या फायली मागच्या कपाटात, हाताशी फक्त एक. प्रिंटर आधी माझ्या उजव्या हाताला होता, तो साहेबांना सांगून खिडकीपाशी नेला. फोन आला की उभं राहायचं आणि बोलता बोलता भिंतीपर्यंत येरझाऱ्या, पार्टीचा पेमेंटचा फोन असला तर हमखास ५ मिनिटं होतात. चहा आमचे शिपाईमामा टेबलावर आणून द्यायचे, त्यांना म्हटलं मामा माझा चहा तिकडंच ठेवा, मी येते. शेजारच्या खात्यातल्या माणसाला मेसेज टाकायचा नाही, उठून जाऊन विचारायचं. नुसतं उभं राहून फारसं होत नाही हे लक्षात ठेवा, बसण्यापेक्षा बरं एवढंच, पावलं पडली पाहिजेत. जागाच नसली तर खुर्चीतून हात न टेकता १० वेळा उठ-बस करा, मांड्यांना तेवढं पुरतं.

माझी जाऊबाई घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, शर्टाचे गठ्ठे येतात तिच्याकडं. पूर्वी तिचं पायमशीन होतं, पोटऱ्या दिवसभर वर-खाली होत होत्या, आता मोटर बसवली, पाय नुसता पेडलवर दाबून धरायचा. मोटर काढ म्हणायचा प्रश्नच नाही, त्यावर घर चालतंय. तिनं काय केलं तर सगळा कापलेला माल मशीनजवळ घेऊन बसणं बंद केलं. आतल्या खोलीतून ६ शर्टांचेच तुकडे आणायचे, शिवून झाले की नेऊन ठेवायचे, पुढचे ६ आणायचे. दोरे कापायचं काम उभ्यानं, खिडकीच्या कट्ट्यावर माल ठेवून. इस्त्री शेवटी एकदम न करता मधे मधे. बॉबिन भरून ठेवल्यात त्यासुद्धा फळीवर, हाताशी नाही. पहिला आठवडा म्हणाली कामाची लय तुटतेय, नंतर म्हणाली कंबर दुखायची थांबली, संध्याकाळचे २-३ शर्ट उलट जास्तच निघायला लागलेत. सगळ्यांचं असं होईल असं नाही, पण तिचं झालं.

सर्वात अवघड विड्या वळणाऱ्या बायकांचं. माझं माहेर अशोक चौकाकडचं, तिथं शेजारच्या अक्का गेली ३० वर्षं विड्या करतात. पाय पसरून किंवा मांडी घालून, सूप मांडीवर, मान खाली, पानं कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा. मजुरी हजार विड्यांवर. मी त्यांना हे सगळं उत्साहानं सांगायला गेले तर म्हणाल्या, "उठलं की हिशोब तुटतंय गं, हजार पुरं व्हायला नको काय?" आणि बरोबर आहे त्यांचं. अर्ध्या तासाला २ मिनिटं म्हणजे ८ तासात ३२ मिनिटं, त्यांच्या हिशोबात ते पैसे आहेत. ऑफिसात पगारावर बसलेल्या माझ्यासारखीनं ते विसरायचं नाही.

मग आम्ही दोघींनी बसून त्यांचा दिवस मांडला, आणि त्यातून जे निघालं ते मला कुठल्याच लेखात सापडलं नव्हतं. अक्का सकाळी ९ च्या आत घरातलं सगळं उरकून टाकायच्या, झाडलोट, भांडी, धुणं, पाणी भरणं, आणि मग एकदा बसल्या की दुपारपर्यंत हलायचं नाही. म्हणजे हालचाल होतीच, पण सगळी एका ढिगात. आता त्या भांडी सकाळी घासत नाहीत, पहिल्या १०० विड्या झाल्या की उठून अर्धी घासतात, पुढच्या १०० झाल्या की उरलेली. धुणं पिळून ठेवतात आणि वाळत घालायला नंतर उठतात. भिजवलेल्या पानांचं फडकं दारापाशी, तिथून मापानंच घ्यायचं. वेळ तेवढाच लागतोय, मजुरी कमी होत नाही, फक्त कामं साठवायची नाहीत, दिवसभर पसरायची. आणि जमिनीवरून उठणं हा स्वतःच मोठा व्यायाम आहे, खुर्चीवाल्यांना ती संधी मिळत नाही. गुडघे दुखत असतील तर भिंतीला किंवा कॉटला हात लावून उठा, झटक्यात नको, खूप वेळ बसून पाय बधिर झाला असेल तर आधी जाग्यावरच हलवून घ्या मगच उभं राहा.

यावरून एक मनापासून सांगायचंय. कितीतरी बायका कामाच्या जागी पाणीच पीत नाहीत कारण बाथरूम नीट नाही. एमआयडीसीत मी हे रोज बघते. तिथं "दर अर्ध्या तासाला उठा" म्हणणं काही उपयोगाचं नाही. ज्यांच्या हातात आहे, मालक असोत, सुपरवायझर असोत, त्यांनी आधी स्वच्छ बाथरूम आणि थोडं लांब ठेवलेला पाण्याचा माठ एवढं करावं, त्यानंच लोकं आपोआप उठतील.

नवी पेठेत दुकान असलेल्या माझ्या भावाला गादीवरून उठणं म्हणजे गिऱ्हाइकापुढं कमीपणा वाटायचा, तो आता स्वतः उठून वरच्या फळीवरच्या चादरी काढून दाखवतो, दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानापासून चौकापर्यंत जाऊन येतो. रिक्षावाल्या दादांनी स्टँडवर नंबर येईपर्यंत आत बसून मोबाईल बघण्याऐवजी बाहेर उभं राहून दोन फेऱ्या माराव्यात. पुण्याला रेल्वेनं जाताना चार तास खिडकी धरून बसू नका, कुर्डुवाडी गेली की एकदा, दौंड आलं की एकदा, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन या. लूमवर उभं राहून काम करणाऱ्यांना मात्र यातलं काही सांगायला जाऊ नका, त्यांचा त्रास उलटा आहे, त्यांना बसायला स्टूल पाहिजे.

मीटिंग आहे, बस गच्च भरलीय, उठताच येत नाही अशा वेळी टाचा उचला. पाय जमिनीवर सपाट, चवडे टेकलेले, टाच जेवढी वर जाईल तेवढी न्यायची आणि सोडायची, दमदारपणे, ५ मिनिटं तरी. पोटरीच्या खालच्या थरात सोलियस नावाचा स्नायू आहे, तो दमत नाही लवकर, आणि ह्यूस्टनच्या विद्यापीठानं २०२२ मध्ये दाखवलं की बसल्या बसल्या तो व्यवस्थित चालवला तर जेवणानंतरच्या साखरेत चांगला फरक पडतो. तिथं मशीन लावून हालचाल नीट शिकवली होती आणि तासन्‌तास करून घेतली होती, त्यामुळं आपल्या ५ मिनिटांत तेवढं होईल असं नाही. पण पायातलं रक्त फिरतं राहतं, सूज कमी येते, एवढं तर मला स्वतःला कळतंय.

जेवणानंतरचा अर्धा तास सोन्यासारखा जपा. आपली शतपावली उगाच नाही. वॉशिंग्टनमध्ये २०१३ साली साठीपुढच्या १० जणांवर एक प्रयोग झाला, तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं आणि सकाळी एकदम ४५ मिनिटं चालणं. दिवसाची साखर दोन्हींनी सुधारली पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर खाली ठेवली ती तुकड्यातल्या चालण्यानं. जेवल्यावर तास-दीड तासात साखर शिखरावर जाते, त्याच्या आत पाय चालले पाहिजेत. आमच्या ऑफिसात आता आम्ही चौघी जणी डबा खाल्ला की गोडाऊनला एक वळसा घालतो, आणि रात्री सासूबाई आणि मी कॉलनीत १५ मिनिटं. जोरात नको, गप्पा मारता येतील एवढंच. रात्री जेवून लगेच सिरियलपुढं बसायचं असेल तर जाहिरात लागली की उठायचं, ताटं उचलायची, उद्याची भाजी निवडायला आणायची.

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा दुपारी बाहेर फेरी मारायची नाही. घरातच, जिन्यात, गॅलरीत, पंख्याखाली जागच्या जागी पावलं टाका, आणि पाणी दुप्पट.

काळजी कुणी घ्यायची तेही ऐका. इन्सुलिन घेणारे किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणारे, तुमची साखर जेवणानंतर चालल्यानं जास्त खाली येऊ शकते, घाम सुटला, हात थरथरले तर लगेच काहीतरी गोड खा आणि डॉक्टरांना सांगून डोस बघून घ्या, स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, बीपीची तर अजिबात नाही. तळपायाला मुंग्या येतात, बधिर वाटतं त्यांनी घरातसुद्धा चप्पल घालूनच चालायचं. चालताना छातीत दाब, दम, जबड्याकडं किंवा हाताकडं जाणारी कळ आली तर थांबा आणि सरळ दवाखाना. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर चोळत बसू नका, ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

माझी एचबीएवनसी ८ महिन्यांनी ५.९ आली. त्या काळात मी चहातली साखर पण सोडली होती आणि रात्रीचा भात अर्ध्यावर आणला होता, त्यामुळं सगळं श्रेय उठण्याला देणार नाही. पण दुपारी ३ ला जी ग्लानी यायची, डोळे मिटायचे, ती दुसऱ्या आठवड्यातच गेली होती, तेव्हा आहार बदललेला नव्हता.

सुरुवात करणार असाल तर पूर्ण दिवस एकदम हातात घेऊ नका. पहिला आठवडा फक्त जेवणानंतर ५ वाजेपर्यंतचा वेळ, तेवढ्यात ६ वेळा उठायचं. त्यासाठी जागेतली एकच वस्तू हलवा, पाणी, फाईल, बॉबिन, पानाचं फडकं, जे तुम्हाला सारखं लागतं ते. दुसऱ्या आठवड्यात सकाळचा वेळ आणि दुसरी वस्तू. रेघा मारणं चालू ठेवा. माझ्या व्हाउचरवर आता रोज १५-१६ होतात, २० तारखेला ९ वर येतात, आणि २१ ला परत मोजायला बसते.